ड्राय फोर्कची त्रेसष्ट मिनिटं

वेंडेल टॅकेटला आयुष्यात एकदाच चारचौघांसमोर बोलायचं होतं, तेही फक्त तीन मिनिटं. त्यासाठी तो पंधरा दिवस आपल्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात अंडी उकडायचं घड्याळ लावून तव्यापुढे भाषण करत होता. पहिल्या आठवड्यात घड्याळ वाजायचं तेव्हा तो जेमतेम "माननीय अध्यक्षबाई" इथपर्यंत आलेला असायचा. दुसऱ्या आठवड्यात मुद्द्यापर्यंत पोचू लागला. एवढ्या काळात त्याने छातीतल्या जळजळीच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या संपवल्या आणि अकरा ऑम्लेटं करपवली. करपलेली ऑम्लेटं त्याने स्वतः खाल्ली, त्यामुळे जळजळ वाढली.

मुद्दा साधा होता. समुद्राकडच्या शहरांतून थेट लास वेगासला जाणारी वेगवान गाडी व्हायची होती. तिचे रूळ आमच्या ड्राय फोर्कच्या पाठीमागून जाणार होते आणि थांबा मात्र नव्हता. आमचं गाव वाळवंटात, वेगासच्या बरोबर निम्म्या वाटेवर. जुगाराला निघालेल्या माणसाला इथे भूक लागते, ही देवाचीच करणी. जाताना तो खुशीत असतो. दोन अंडी, बटाटे, वर ॲपल पाय मागवतो आणि सुटे परत घेत नाही. येताना तोच माणूस एक कप कॉफी घेऊन खिडकीशी बसतो आणि पाणी फुकट आहे ना असं विचारतो. पण थांबतो दोन्ही वेळा. त्याच्या या थांबण्यावर टॅकेटांच्या दोन पिढ्या जगल्या होत्या. तो ताशी दीडशे मैलांनी निघून गेला, तर तिसरी पिढी म्हणजे वेंडेल आणि त्याची बायको मॅविस, यांनी कोणाला अंडी खाऊ घालायची?

वेंडेलचं मागणं एवढंच होतं, की गाडीला ड्राय फोर्कला दहा मिनिटांचा थांबा द्यावा. दहा मिनिटांत तो चाळीस माणसांना ॲपल पाय वाढू शकत होता. त्याने तेही घड्याळ लावून पाहिलं होतं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सुनावणी होती. रेल्वे प्राधिकरणाची माणसं आठवडाभर आधी येऊन कार्डांचा एक गठ्ठा वेंडेलच्या गल्ल्याशेजारी ठेवून गेली, कारण गावातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी तिथे येतोच. ज्याला बोलायचं असेल त्याने कार्ड भरून सुनावणीपूर्वी दारातल्या पेटीत टाकायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. आणि कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: "मला बोलायचे नाही. माझी वेळ मी अमुक यांना देत आहे." सगळा घोटाळा या ओळीने केला.

ती ओळ पहिल्यांदा वाचली हॉलिस ग्रीअरने. हॉलिसचा गाड्या ओढून नेण्याचा ट्रक आहे. उन्हाळ्यात महामार्गावर तापून बंद पडणाऱ्या मोटारींवर त्याचं पोट चालतं.

"वेंडेल, तू बोलणारच आहेस ना?" त्याने विचारलं.

"तीनच मिनिटं."

"मग माझीपण घे. मला माइक दिसला की दरदरून घाम फुटतो."

वेंडेलला आधी बरंच वाटलं. सहा मिनिटं मिळाली तर "माननीय अध्यक्षबाई" जरा सावकाश म्हणता येईल. त्याने ऑर्डरची वही काढली. "तुझ्या वतीनं काय सांगू?"

"सांग, नको."

"काय नको?"

"गाडी नको. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. पण तीन मिनिटं पुरती घ्यायची हां. हक्काची आहेत माझ्या. मी घड्याळ लावून बसणार आहे."

वेंडेलने वहीवर लिहिलं, "हॉलिस. गाडी नको. पुरती तीन." आणि चिठ्ठी फाडून ऑर्डरी टोचायच्या खिळ्याला टोचली. ही त्याची तीस वर्षांची सवय. समोरचा काही बोलला की वेंडेल लिहून घेतो, फाडतो आणि टोचतो. नाही म्हणायची त्याला सवयच नाही. संपलेल्या पदार्थालासुद्धा तो "बघतो" असं म्हणतो.

शेजारच्या खुर्चीवरून हे सगळं नेडीन प्रुइट ऐकत होत्या. नेडीनबाईंच्या अंगणात एक वाळवंटी कासव आहे, रीतसर सरकारी परवान्याचं. कासवांविषयी त्या बोलायला लागल्या की लोकांना अचानक कामं आठवतात. त्यांनी आपली तीन मिनिटं वेंडेलला दिली आणि सोबत दोन कप कॉफी संपेस्तोवर मजकूरही दिला. रुळांना कुंपण घालणार, मग कासवांनी पलीकडे जायचं कसं? कुंपणाखालून बोगदे हवेत. बोगद्याला उतार हवा, पण फार नको. आत सावली हवी. कासव मधेच थांबून विचार करतं, तेव्हा मागच्या कासवाला बाजूने जाता येईल एवढी रुंदी हवी. वेंडेलने तीन चिठ्ठ्या भरल्या.

मग पाद्री लाइल आले. जुगाराला नेणारी गाडी ही सैतानाची सोय आहे, तिला त्यांचा कडवा विरोध होता. पण विरोध करूनही झालीच, तर तिने ड्राय फोर्कला थांबावं, मात्र फक्त येताना.

"जाताना का नको?" वेंडेलने विचारलं. त्याच्या ॲपल पायचा धंदा सगळा जातानाचा होता.

"जाताना माणूस ऐकत नाही रे बाबा," पाद्री म्हणाले. "येताना ऐकतो. येताना त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं."

वेंडेलने लिहिलं, "पाद्री. गाडी नको. असली तर थांबा, परतीचा." आणि टोचलं.

मंगळवारपर्यंत बातमी गावभर झाली. बोलायची लाज सगळ्यांना आणि मत मात्र प्रत्येकाला, अशी आमच्या गावाची तऱ्हा आहे. आता दोन्हींची सोय एका खिळ्यावर झाली म्हटल्यावर लोक न्याहारीला येताना मत घेऊनच येऊ लागले. कोणाला गाडी हवी पण आवाज नको, कोणाला गाडी नको पण रुळांसाठी जमीन विकायची होती. एका गृहस्थांना गाडीशी देणंघेणं नव्हतं, टपाल उशिरा येतं एवढंच सांगायचं होतं. वेंडेल प्रत्येकाचं लिहून घेत गेला, कार्ड भरून देत गेला, सही घेत गेला आणि गोळ्या चघळत गेला.

बुधवारी पहाटे डेल्फिना इबारा आली. ती वेगासच्या एका हॉटेलात खोल्या साफ करते. दीड तास जायला, दीड तास यायला. मागच्या वर्षी परतताना तिचा डोळा लागला आणि मोटार वाळूत गेली. हॉलिसनेच ती ओढून काढली होती. तिने उभ्याउभ्याच कॉफी घेतली.

"मला उद्या सुट्टी नाही," ती म्हणाली. "माझं सांगशील? गाडी पाहिजे आणि इथं थांबायला पाहिजे. बसल्या जागी झोप काढीन, उतरीन, घरी जाईन. माझी पोरगी सात वर्षांची झाली. शाळेला जाताना तिची वेणी मी एकदाही घातलेली नाही."

वेंडेलने हे लिहून घेतलं, पण लगेच टोचलं नाही. थोडा वेळ हातातच धरलं.

दुपारी मॅविसने खिळा हातात घेऊन चिठ्ठ्या मोजल्या आणि हिशेब मांडला. एकवीस माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं. "त्रेसष्ट मिनिटं," ती म्हणाली. "वेंडेल, लग्नात तुला ‘हो’ म्हणायला पादऱ्यांना दोनदा विचारावं लागलं होतं. तू सव्वा तास बोलणार?"

"तासाला वर तीनच मिनिटं," वेंडेल क्षीणपणे म्हणाला.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. परत दे सगळ्यांना."

"सह्या झाल्यात. आणि हॉलिस घड्याळ लावून बसणार आहे."

मॅविसने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची दयाही आली आणि रागही आला. "अरे, लष्कराच्या भाकऱ्या भाजताना आपली पोळी विसरू नकोस म्हणजे झालं," एवढं बोलून ती भांड्यांकडे वळली.

गुरुवारी वेंडेलने दारावर "परत येतो" अशी पाटी लावली. आठवड्याच्या मधल्या दिवशी टॅकेटांचं दार बंद होण्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा त्याचे वडील गेले होते तेव्हा झालं होतं. एका खिशात चिठ्ठ्या, दुसऱ्यात गोळ्या, हातात कार्डांचा गठ्ठा. दोनला पाच कमी असताना त्याने गठ्ठा पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप लागलं. व्यायामशाळा भरली होती. समोर टेबलामागे अध्यक्ष ऑस्ट्रँडरबाई, त्यांच्या एका बाजूला रेल्वे कंपनीचे चार कोटवाले, दुसऱ्या बाजूला छोट्या यंत्रावर बोटं ठेवून बसलेली लघुलेखिका. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, की इथे बोललेला प्रत्येक शब्द लिहून घेतला जाईल आणि प्रत्येकाच्या मताला छापील अहवालात उत्तर देणं प्राधिकरणावर कायद्यानं बंधनकारक आहे. मग त्यांनी पेटी उघडली, कार्डं चाळली, परत चाळली आणि चष्मा काढला.

"श्री. वेंडेल टॅकेट," त्या म्हणाल्या. "एकवीस कार्डं. त्रेसष्ट मिनिटं. यांच्याशिवाय बोलणारं कोणीच नाही?"

गावाने वेंडेलकडे पाहिलं. कोटवाल्यांनी एकाच वेळी मनगटाकडे पाहिलं.

वेंडेल माइकपाशी गेला. माइकपुढे एक छोटा दिवा होता. तीन मिनिटं होत आली की पिवळा, झाली की लाल. त्याने चिठ्ठ्या काढल्या आणि नेमकी हॉलिसची सगळ्यात वर आली.

"हॉलिस ग्रीअर म्हणतो, नको," वेंडेल म्हणाला.

दिवा हिरवाच राहिला. तिसऱ्या रांगेत हॉलिसने घड्याळ वर धरून दाखवलं. वेंडेल माइककडे वाकला. "मनापासून नको म्हणतो," तो म्हणाला. तेवढ्याने सात सेकंद गेले. मग काही सुचेना म्हणून तो हॉलिसबद्दल सांगू लागला. हॉलिस अंडी कशी खातो, रोज कुठल्या खुर्चीवर बसतो, एकशेपंधरा अंश फॅरनहाइटच्या उन्हात त्याने बाळंतपणाला निघालेल्या जोडप्याची मोटार कशी ओढून नेली आणि पैसे घ्यायला कसा विसरला. हॉलिस विसरला नव्हता, त्याने मुद्दाम घेतले नव्हते. पण हे गावाला माहीत नव्हतं आणि हॉलिसला ते कळू द्यायचंही नव्हतं. त्याचे कान लाल झाले. दिवाही लाल झाला.

तिथून वेंडेलला हे काम ओळखीचं वाटायला लागलं. गल्ल्यावरून स्वयंपाकघराला ऑर्डर ओरडून सांगतात तसं तो एकेकाचं मत सांगू लागला. "नेडीन प्रुइट. बोगदे, सावलीचे, उतार बेताचा, रुंदी दोन कासवांची." "पाद्री लाइल. गाडी नको, असली तर थांबा परतीचा." ज्याचं मत आलं तो टाळ्या वाजवायचा आणि बाकीचे त्याच्याकडे वळून बघायचे. इतकी वर्षं शेजारी बसून एकमेकांचं मीठ मागून घेणाऱ्या लोकांना आपला शेजारी उलट्या मताचा आहे, हे त्या दिवशी कळलं. मागून कोणीतरी विचारलंच, की हा वेंडेल नक्की कोणाच्या बाजूचा? कोटवाल्यांपैकी एकाने गाडीच्या बाजूची आणि विरोधातली मतं दोन रकान्यांत लिहायला घेतली होती. पाद्रींपाशी येऊन त्याने पेन्सिल खाली ठेवली.

डेल्फिनाची चिठ्ठी एकोणिसावी निघाली. ती तिथे नव्हती, त्या वेळी कुठेतरी चादरी बदलत असेल. घड्याळ लावून बसणारं कोणी नव्हतं, दोन वाक्यांत आटपलं असतं तरी चाललं असतं. वेंडेलने तिची तीन मिनिटं पुरती घेतली. तिची मोटार कुठल्या वळणावर वाळूत गेली, त्या दिवशी पोरगी शेजारणीच्या पायरीवर किती वाजेपर्यंत बसून होती, सगळं त्याने सांगितलं, आणि वेणीपाशी येऊन तो थांबला तेव्हा दिवा आपसूक लाल झाला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. हॉलिसने घड्याळ खिशात टाकलं.

शेवटच्या दोन चिठ्ठ्या झाल्या. वेंडेलने रिकाम्या हातांकडे पाहिलं. आता त्याची पाळी होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच छातीत जळजळ नव्हती. दहा मिनिटांचा थांबा, चाळीस माणसं, ॲपल पाय. सगळं जिभेवर हजर होतं. त्याने घसा साफ केला.

"धन्यवाद, श्री. टॅकेट," ऑस्ट्रँडरबाई म्हणाल्या. "तुमची वेळ संपली."

"माझी स्वतःची तीन मिनिटं राहिली," वेंडेल म्हणाला.

बाईंनी कार्डं परत मोजली. एकवीसच होती. "तुमच्या नावाचं कार्ड यात नाही. तुम्ही भरलं होतं?"

वेंडेलने आठवून पाहिलं. गावाची एकवीस कार्डं त्याने भरली होती. पण तीस वर्षांत गल्ल्यामागे उभं राहून त्याने स्वतःची ऑर्डर कधीच लिहिलेली नव्हती. मॅविसने डोळे मिटून घेतले. तो माइकपुढे तसाच उभा राहिला, आणि समोर बसलेली माणसं काही न बोलता आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर तीस वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून आपोआप निघालं:

"आणखी काही हवंय का?"

लघुलेखिकेची बोटं हलली. "धन्यवाद," बाई पुन्हा म्हणाल्या आणि सुनावणी संपली.

त्यानंतरचे आठ महिने वेंडेलने कसे काढले ते त्याच्या पोटाला विचारावं. लोक येऊन सांगायचे, माझं मत फार छान मांडलंस हो. तो "आभारी आहे" म्हणायचा आणि आत जाऊन तव्यापुढे उभा राहायचा. दुकान विकायचं म्हटलं तर घेणार कोण, या विषयावर नवराबायको दर रविवारी भांडायची आणि दर सोमवारी ते उघडायची. मॅविसने एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, आणि त्याचीच वेंडेलला जास्त भीती वाटायची.

मग अहवाल आला. दोन वीत जाड पुस्तक, पोस्टाने, गावासाठी एक प्रत, तीही टॅकेटांच्या पत्त्यावर. मॅविसने ते गल्ल्यावर उघडलं. प्रत्येकाचं मत आणि खाली उत्तर होतं. हॉलिसला लिहिलं होतं, "विरोधाची नोंद घेतली." नेडीनबाईंना बोगद्याच्या रुंदीवर चार पानं होती. टपालवाल्या गृहस्थांना कळवलं होतं, की हा विषय प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही. अगदी शेवटी वेंडेलचं नाव होतं.

"तुझं आहे यात," मॅविस म्हणाली आणि वाचू लागली. "मत क्रमांक बावीस. श्री. वेंडेल टॅकेट, उपाहारगृह चालक. ‘आणखी काही हवंय का?’"

वेंडेलने गोळीची बाटली शोधली. "पुढे?"

"उत्तर: ‘होय. ड्राय फोर्क येथील मते परस्परांशी विसंगत असल्याने मार्ग, थांबा व कुंपण यांबाबत आणखी अभ्यास हवा आहे. यासाठी मोजणी पथक अठरा महिने ड्राय फोर्क येथे मुक्काम करील.’"

ते पथक पुढच्या सोमवारी आलं. चौतीस माणसं, सगळी भुकेली, आणि चाळीस मैलांत दुसरं उपाहारगृह नाही. सकाळी न्याहारी, दुपारचे डबे, संध्याकाळी जेवण. एकट्या मॅविसच्याने होईना, तेव्हा वेंडेलने डेल्फिनाला विचारलं आणि तिने वेगासची नोकरी सोडली. आता ती पोरीची वेणी घालते, तिला शाळेत पोचवते आणि साडेआठला डबे भरायला येते. मोजणीवाल्यांच्या गाड्या रोज वाळूत रुततात, त्या हॉलिस काढतो. कासवं कुठे आहेत ते दाखवायला नेडीनबाईंना सरकारी टोपी मिळाली आहे. फक्त पाद्री नाराज आहेत, कारण मोजणीवाले न जाता न येता इथेच असतात आणि प्रवचन काही ऐकत नाहीत.

वेंडेल सुखी झाला असं वाटेल, पण त्याचा स्वभाव तसा नाही. सतरावा महिना लागला तसा तो पुन्हा गोळ्या घेऊ लागला. अभ्यास संपला की ही माणसं जाणार आणि मग गाडी येणार. त्याच आठवड्यात गल्ल्याशेजारी नवा गठ्ठा येऊन पडला. दुसरी जाहीर सुनावणी, विषय अभ्यासाचे निष्कर्ष, कार्डं तीच, तळाची ओळही तीच. वेंडेलने पहिलं कार्ड ओढून स्वतःचं नाव घातलं आणि मॅविसला दोनदा वाचून दाखवलं. मग एप्रन काढला, बाकीचा गठ्ठा काखेत मारला आणि घरोघर निघाला.

संध्याकाळी परतला तेव्हा मॅविसने गठ्ठा मोजला. या वेळी अठ्ठावन्न कार्डं होती. अख्ख्या गावाने आपापली तीन मिनिटं दिली होती, डेल्फिनाने तर सगळ्यात आधी. पण मत एकानेही लिहून दिलं नव्हतं.

"जवळजवळ तीन तास होतात हे," मॅविस म्हणाली. "एवढा वेळ तू बोलणार तरी काय?"

वेंडेलने अंडी उकडायचं घड्याळ फडताळातून काढलं आणि तव्याशेजारी ठेवलं.

"तेच," तो म्हणाला. "पण सावकाश."